एकतीस मुठी

३ जानेवारी

वस्तुस्थिती क्रमाने नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढे वाद नको.

एक: मापनशास्त्राचा प्राध्यापक म्हणून बत्तीस वर्षे काम करून मी गेल्या जूनमध्ये निवृत्त झालो. दोन: ऑगस्टमध्ये आम्ही हे घर घेतले. घर बैठे हवे, जिना नको, हा पत्नीचा आग्रह होता. कारण विचारले तर "बरं पडेल" एवढेच म्हणाली. तीन: घराच्या भिंती भक्कम आहेत, परंतु दारे, कपाटे, खिडक्यांच्या चौकटी असे सारे लाकूडकाम भिकार होते. चार: ते सर्व उखडून मी स्वतःच्या हाताने नवे करीत आहे. लाकूडकाम हा माझा एकोणीस वर्षांचा छंद आहे आणि मी केलेल्या सांध्यात कागद शिरत नाही. पाच: धूळ आणि ठोकाठोक सोसवत नाही म्हणून पत्नी ऑक्टोबरपासून तिच्या धाकट्या बहिणीकडे राहते. बहिणीचे घर इथून चालत वीस मिनिटांवर आहे. सहा: मी तीन महिने लागतील असे सांगितले होते. ते संपले. सात: काम मार्चअखेर पुरे होईल.

ही तारीख आज तिला फोनवर कळवली. "बघू," म्हणाली. तिचे 'बघू' म्हणजे होकार असतो.

९ जानेवारी

शहरात हौशी लाकूडकाम करणाऱ्यांचे एक मंडळ आहे, असे हत्यारांच्या दुकानात कळले. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एका बंद पडलेल्या छापखान्यात ते जमतात. माझ्या कामाची कदर करू शकतील अशी माणसे कुठेतरी असावीत, या अपेक्षेने मी चिटणिसांना चार पानी परिचय पाठवला. शिक्षण, हत्यारांची यादी, घराच्या कामाचा तपशील आणि सांध्यांची छायाचित्रे असे सर्व त्यात होते.

चिटणीसबाई व्यवसायाने दातांच्या डॉक्टर आहेत. त्यांचे उत्तर जसेच्या तसे: "स्वागत! आमच्याकडे ओळख तोंडी करून देतात आणि सोबत आपली एक फसलेली वस्तू आणतात. चांगल्या वस्तू काय, सगळ्यांकडेच असतात."

नियम सदोष आहे, कारण फसलेली वस्तू प्रत्येकाकडे असेलच हे त्यात गृहीत धरले आहे. मी कळवले की माझ्याकडे तशी एकही नाही. जे बिघडते ते मी जाळून टाकतो.

१२ जानेवारी

रिकाम्या हाताने गेलो. सोळा माणसे होती, खुर्च्या वेड्यावाकड्या मांडलेल्या. एका बसचालकाने आपले स्टूल दाखवले. त्याचे चार पाय तीन उंचींचे होते.

"हे मी जपून ठेवलंय," तो म्हणाला. "नको असलेला पाहुणा आला की यावरच बसवतो. दहा मिनिटांत उठतो बिचारा."

सगळे हसले. हसण्यासारखे काय होते? पाय कापण्यापूर्वी मोजले असते तर स्टूल सरळ झाले असते.

माझी पाळी आली. मी उभा राहून सांगितले की माझे काही फसलेले नाही. कोणीतरी शीळ घातली.

"मग आज नुसतं बसा," चिटणीसबाई म्हणाल्या. "पुढच्या महिन्यापर्यंत सापडेल काहीतरी. शोधलं की सापडतं."

दातांबद्दल बोलत असाव्यात तशा बोलल्या.

१९ जानेवारी

मुठी पूर्ण झाल्या. नऊ दारांच्या आतून-बाहेरून अठरा, कपाटांच्या तेरा, एकूण एकतीस. सर्व सागाच्या, लेथवर कातलेल्या, पूर्ण गोल. व्यास अठ्ठेचाळीस मिलिमीटर. एकाहून एक बारीक अशा सात पॉलिश पेपरांनी घासल्या, नंतर तेल, नंतर मेण. बोट टेकवले तर घसरून खाली येते. इतके सुबक काम मी आजवर केले नव्हते.

एक मूठ पत्नीला दाखवायला घेऊन गेलो. तिने ती उघड्या तळहातावर ठेवून पाहिली.

"छान आहे."

"अगं, धरून तरी बघ."

"बघितली की." आणि तिने ती बहिणीकडे दिली.

मेहुणीने मुठीकडे पाहिले, मग माझ्याकडे. "भावोजी, यावर नाव कोरून बक्षीस म्हणून वाटा तुम्ही," असे म्हणाली. तिच्या बोलण्याकडे मी सहसा लक्ष देत नाही.

नोंद करण्यासारखे: पत्नी हल्ली कप दोन्ही हातांनी धरते, लहान मुलांसारखा. अंगठी बोटात नव्हती. "ठेवलीय जपून," म्हणाली. ती स्वयंपाकघरातून आली तेव्हा नळ ठिबकत होता. तो मी जाऊन घट्ट बंद केला. तीस वर्षांत तिला ही सवय नव्हती. दोन वर्षांपूर्वी कंटाळा आला म्हणून तिने शाळेतली चित्रकलेची नोकरी सोडली, तेव्हाच मी म्हणालो होतो की दिवसाला चौकट नसली की माणूस सैलावतो.

२ फेब्रुवारी

न्हाणीघराचे दार एकट्याने उचलेना, म्हणून शेजारच्या गल्लीतला सुतार बोलावला. दार चौकटीत बसवताना मी फटीची रुंदी चार ठिकाणी मोजली.

"साहेब," तो म्हणाला, "हे दार आहे का मनगटी घड्याळ?"

दार लागले. त्याने मूठ फिरवायला हात घातला तर हात घसरला. त्याने हात सदऱ्याला पुसला आणि पुन्हा फिरवली.

"ओल्या हाताला सुटते ही."

"हात कोरडे असावेत," मी म्हणालो.

"न्हाणीघरात?"

त्याला अर्धवट माहितीवर बोलण्याची खोड आहे. उद्या बोलावणार नाही.

९ फेब्रुवारी

मंडळाची दुसरी बैठक. नियम पाळायचा म्हणून मूठ क्रमांक सतरा नेली. तिचा व्यास इतरांहून शून्य दशांश तीन मिलिमीटरने जास्त भरतो. वस्तुतः ती जाळायला हवी होती, पण तेवढे लाकूड शिल्लक नव्हते.

मूठ हातोहात फिरली. बसचालकाने ती डोळ्याजवळ नेली. "फसलंय कुठे पण?"

मी सांगितले. त्यावर असा हशा उसळला की छपराखालची कबुतरे उडाली. चिटणीसबाई डोळे पुसत म्हणाल्या, "सर, तुमचे दात तपासायची मला भीती वाटेल."

शेवटच्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ बसतात. पूर्वी घड्याळे दुरुस्त करीत, म्हणून सगळे त्यांना घड्याळकाका म्हणतात. मूठ त्यांच्यापर्यंत आली तेव्हा त्यांनी ती उचलली नाही. हाताच्या मागच्या बाजूने टेबलावर जरा ढकलली, घरंगळू दिली.

"वस्तू देखणी आहे," ते म्हणाले. "कुणाच्या हातासाठी केलीत?"

"दारासाठी."

"अस्सं," ते म्हणाले.

ओळख करून दिल्याची नोंद मंडळाच्या वहीत झाली नाही. "पुढच्या वेळी," चिटणीसबाई म्हणाल्या. मी कारण विचारले नाही.

१६ फेब्रुवारी

पत्नी घर पाहायला आली. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर तयार आहे. रात्री इथेच राहायचे ठरले होते. मी तिला प्रत्येक सांधा दाखवला. "छान आहे," असे ती अकरा वेळा म्हणाली. दारे तिच्यासाठी मीच उघडत होतो, कारण प्रत्येक दाराबद्दल काहीतरी सांगायचे होते.

चारच्या सुमारास ती हातपाय धुवायला गेली. मी मागच्या खोलीत खिडकीचे लाकडी गज कातायला लेथवर बसलो, कानांवर आवाजरोधक लावून. काम संपले तेव्हा पावणेपाच झाले होते. घरात चाहूल नव्हती. न्हाणीघराचे दार बंदच. मी उघडले. ती आत पालथ्या बादलीवर बसली होती, हात मांडीवर.

"अगं, इथे काय करतेस?"

"काही नाही. बसले होते."

"चाळीस मिनिटं?"

"हाक मारली होती दोनदा. मशीन चालू होतं तुमचं."

"मग दार उघडून बाहेर यायचं."

तिने माझ्याकडे पाहिले. उठता उठता म्हणाली, "दार छान झालंय." मग पर्स घेतली. डोकं दुखतंय, आज बहिणीकडेच जाते, असे सांगून निघाली. पोहोचवायला येतो म्हणालो तर "तुमचं काम राहील," म्हणाली.

१७ फेब्रुवारी

दार तपासले. बिजागऱ्या सरळ आहेत, कुलपाची जीभ अडकत नाही, मूठ दोन बोटांनी फिरते. आतून दहा आणि बाहेरून दहा वेळा उघडून पाहिले. दारात दोष नाही.

न्हाणीघरात टॉवेल जमिनीवर पडला होता, दोरखंडासारखा पिळलेला. घडी घालून ठेवला. आतल्या मुठीवर साबणाचे ओरखडे वाळले होते. मेणाचा हात पुन्हा द्यावा लागला.

२१ फेब्रुवारी

मेहुणीचा फोन.

"भावोजी, ताई तिकडे राहायला येणार नाही म्हणतेय."

"का?"

"तिलाच विचारा."

"तिला फोन दे."

"ती तुमच्याशी बोलली की 'छान आहे' म्हणेल आणि ठेवेल. मग तुम्ही म्हणाल, ती छान म्हणाली. म्हणून मी सांगतेय. माझ्या घरातली मागची खोली तिची आहे, कायमची. मी तिला तसं सांगून ठेवलंय."

भिंतींचा रंग तिला आवडला नसावा, असा माझा पहिला तर्क होता. परंतु रंग तिनेच निवडला होता. मग लेथच्या आवाजाचा विचार केला; लेथ मार्चनंतर अंगणातल्या खोलीत जाणार आहे, हे तिला ठाऊक आहे. तिसरे कारण सुचले नाही.

इकडे नऊ दारे झाली आहेत आणि पत्नी येणार नसेल तर ती मी कोणासाठी उघडमिट करणार?

२२ फेब्रुवारी

सकाळी टॉवेल धुवायला काढला. पीळ पूर्ण सुटला नव्हता. टॉवेलला असा पीळ कशाने पडेल, हा साधा प्रश्न आहे आणि तो मी पाच दिवस विचारला नव्हता. ओला टॉवेल मुठीभोवती गुंडाळून दोन्ही तळव्यांनी फिरवला तर तो मुठीवर सरकत राहतो आणि तंतोतंत असाच पिळतो. मूठ जागची हलत नाही.

मग कप आठवला, नळ आठवला, टेबलावर मूठ ढकलणारा तो घड्याळकाकांचा हात आठवला.

प्रयोग केला. बोटे वाकू नयेत म्हणून प्रत्येक बोटाच्या मागे लाकडाची पातळ कामटी ठेवून चिकटपट्टी गुंडाळली. उजवा हात डाव्याने बांधला, डावा दातांनी. एकतीसही मुठी क्रमाने वापरून पाहिल्या. कपाटांच्या तेरापैकी तीन उघडल्या, त्याही दोन्ही मनगटांत पकडून. दारांच्या अठरापैकी एकही नाही.

शेवटची मूठ न्हाणीघरातली होती. नोंद पूर्ण व्हावी म्हणून आत गेलो आणि खांद्याने दार लोटले. जिभेचा आवाज आल्यावर लक्षात आले. घरात दुसरे कोणी नव्हते. अकराव्या मिनिटाला दातांनी पट्टी फाडून बाहेर आलो.

माझ्या बोटांवरची पट्टी फाडता येण्यासारखी होती.

२३ फेब्रुवारी

मेहुणीकडे गेलो. पत्नी घरी नव्हती.

"बोटांच्या व्यायामाला गेलीय," मेहुणी म्हणाली. "आठवड्यातून तीनदा जाते."

"कधीपासून?"

"दीड वर्ष झालं. संधिवात आहे भावोजी, बोटांचे सांधे धरलेत. शाळा काय कंटाळून सोडली होय तिनं? ब्रश धरवत नव्हता."

"मला कोणी सांगितलं नाही."

"सांगितलं होतं. माझ्यादेखत. ती म्हणाली, हात दुखतात हो फार. तुम्ही म्हणालात, फार म्हणजे किती? दहापैकी आकडा सांग."

हे खरे आहे. मी तसे विचारले होते. ती "राहू दे" म्हणाली आणि मी विषय संपला असे समजलो.

"मला ती आजही खरं सांगणार नाही," मी म्हणालो.

"कशी सांगेल? ती काही बोलली की आधी वाक्य दुरुस्त करता तुम्ही. म्हणून तिनं एकच वाक्य ठेवलंय, त्यात काही काढता येत नाही." ती दार लावता लावता थांबली. "खरं हवं असेल तर लिहून घ्या. तुम्हाला लेखी असलं की पटतं ना?"

टोमणा होता. पण सूचना म्हणून त्यात चूक नाही.

१ मार्च

सर्व मुठी उतरवल्या. दारांना नऊ भोके आहेत आणि त्यांतून वारा येतो. पट्टीसारख्या आडव्या, खाली दाबायच्या मुठींचे सात नमुने केले. बांधलेल्या हाताने सातही उघडतात. पण बांधलेला हात म्हणजे तिचा हात नव्हे. माझा हात दुखत नव्हता.

९ मार्च

एकतीस मुठी खोक्यात भरून मंडळात नेल्या आणि टेबलावर ओतल्या. दोन खाली घरंगळल्या. बसचालकाने उचलून आणल्या.

मी उभा राहिलो. मी मापनशास्त्र शिकवत असे, असे सांगितले. एक घर करतो आहे. या मुठी मी तीन आठवडे खपून केल्या आणि ज्या हातांनी त्या रोज वापरायच्या ते हात तीस वर्षे माझ्यासमोर असून मी मोजले नाहीत. पत्नी माझ्याच दारामागे चाळीस मिनिटे अडकून पडली होती. ती आता तिथे राहायला येणार नाही म्हणते. एवढेच बोललो. पहिल्यांदाच कोणी हसले नाही.

चिटणीसबाईंनी वही पुढे ओढली आणि माझे नाव लिहिले.

घड्याळकाकांनी खुर्ची सरकवली. "नमुने आणलेत? काढा. माझा हात घ्या, फुकट आहे."

त्यांची बोटे अंगठ्यापासून दूर, एका बाजूला वळली आहेत. सातपैकी चार नमुन्यांनी त्यांना त्रास झाला. एक तर दाबताच त्यांच्या तोंडून "आई गं" निघाले. मी किती दुखले ते विचारले नाही. ते चारही नमुने खोक्यात टाकले. तीन उरले.

"पण हा माझा हात झाला," ते म्हणाले. "तिचा तिलाच विचारा."

"ती सांगत नाही. लेखी मागणार होतो, पण तिला पेन धरवत नसेल."

ते हसले आणि खिशातून आपले पेन काढले. त्याच्या मध्यावर अंड्याएवढा लाकडी गोळा बसवला होता. "बोटं मिटावी लागत नाहीत. गोळा तळहातात बसतो, लिहायचं खांद्यानं. अक्षर कोंबडीचं येतं, पण माझं येतं."

बसचालक म्हणाला, "काका, तुमचं अक्षर आधी तरी कुठं मोत्याचं होतं!"

१४ मार्च

लेखणी झाली. हलके लाकूड घेतले, मेण लावले नाही. पृष्ठभाग शेवटच्या दोन पेपरांपूर्वीच सोडला, हाताला जरा खरखरीत लागेल असा. व्यास मोजलेला नाही. पुढील पत्राची प्रत इथे ठेवतो; मूळ पत्र, लेखणी आणि तीन नमुने एका खोक्यात घालून मेहुणीच्या दारात ठेवून आलो. घंटा वाजवून निघालो, कारण समोर असतो तर ती माझ्या तोंडाकडे बघून उत्तर देईल.

प्रिय,

न्हाणीघराचे दार तुला उघडता आले नाही, ती चूक दाराची नव्हती आणि तुझीही नव्हती. त्या सर्व मुठी मी काढल्या आहेत. तुझ्या हातांविषयी तू सांगितले होतेस आणि मी आकडा मागितला. त्याबद्दल मला वाईट वाटते. हे वाक्य मी चार वेळा लिहिले. याहून चांगले जमले नाही.

सोबतचे तीन नमुने एका फळीवर बसवले आहेत. फळी टेबलावर ठेव आणि प्रत्येक नमुना सकाळी, बोटे सर्वांत आखडलेली असतात त्या वेळी दाबून बघ. कोपराने, मनगटाने, कशानेही. जो दुखवेल त्यावर काट मार. तिन्ही दुखवत असतील तर तिन्हींवर मार; मी आणखी करीन. ओट्याची उंची, नळ, कपाटांचे खण यांतले काय नको आहे तेही लिही. दारेच नकोत असे असेल तर पडदे लावू.

मग शेवटचा प्रश्न. तू या घरात राहायला येशील का, हे मला ठाऊक नाही. आजवर मी ते धरून चाललो होतो. येणार नसशील तरी तुझ्या बहिणीच्या घरातल्या मागच्या खोलीची मूठ गोल आहे, ती मला बदलू दे.

मेहुणीकडून लिहवून घेऊ नकोस. फोनही करू नकोस. फोनवर तू मला सांभाळून घेतेस. गोळा तळहातात धरून लिहायचे. लेखणी दुखवत असेल तर तिथेच थांब आणि कागद आहे तसा पाठव. तेही उत्तरच आहे. शब्द अर्धे राहिले तरी चालतील, ओळी चढल्या-उतरल्या तरी चालतील. मी त्यावर लाल शाई चालवणार नाही.

मुदत घालत नाही. मात्र 'हो' असो की 'नाही', ते तुझ्या हातचे असावे. उत्तर लेखी द्यावे.